गोकर्णीची तिसरी हाक



चातुर्मासात प्रवास करू नये असे शास्त्र सांगते, आणि आम्ही तर यंदा आषाढ वद्यात, ऐन मुसळधार पावसात, एकटेच गोकर्णास जाऊन आलो. तेव्हा प्रथम या अपराधाचा खुलासा करणे प्राप्त आहे. चातुर्मासात एका जागी राहण्याचा नियम आहे तो यतींना. पावसाळ्यात भूमीवर असंख्य सूक्ष्म जीव उत्पन्न होतात, ते पायाखाली चिरडू नयेत, हा त्या नियमातील हेतू. गृहस्थाश्रमी माणसास तो तितका बंधनकारक नाही.  शास्त्राधार असा आहे खरा. परंतु आम्ही निघालो ते शास्त्राधार पाहून नव्हे. आम्हास घरापासून दोन दिवस दूर जावयाचे होते.

त्याचे कारण आपणापासून लपवून या पानावर प्रवचन लिहिणे योग्य होणार नाही. आमचे तीर्थरूप आपल्या देवालयात एकतीस वर्षे पूजा करीत आले आहेत. गतवर्षी त्यांच्या गुडघ्यांनी दगा दिला. गाभाऱ्याची ती उंच पायरी चढवेना. "चार दिवस तू सांभाळ," असे म्हणून त्यांनी पूजेचे तबक आमच्या हाती दिले. त्या चार दिवसांचे चौदा महिने झाले. आम्ही बेळगावच्या उद्यमबागेतील एका कारखान्यात हिशेबाचे काम करतो. पहाटे चारला उठावे, पूजा करावी, नवाच्या आत कारखाना गाठावा, सायंकाळी सुटताच धावत घरी यावे, अंगावर दोन तांबे घेऊन आरतीला उभे राहावे, असा क्रम चालला होता. आरतीस उशीर झाला म्हणजे मंडळी घड्याळाकडे पाहत, आणि कारखान्यात उशीर झाला म्हणजे साहेब. श्रावण तोंडावर आलेला. अभिषेक, सोमवारची गर्दी, सत्यनारायण. तशात एके दिवशी विचारणा झाली की, श्रावणापासून पूजेची जबाबदारी कायमची मुलाच्या नावे लिहावयाची ना? आम्ही उत्तर देण्यापूर्वीच वडिलांनी "हो" म्हणून सांगितले. त्या रात्री आम्ही पानावर बसलो, पण जेवलो नाही.

गोकर्णच का, असे कोणी विचारील. दत्तजयंतीपूर्वी आमच्या घरी श्रीगुरुचरित्राचा सप्ताह होतो. त्यातील सहावा अध्याय, ज्यात महाबळेश्वराच्या लिंगाची कथा आहे, तो आम्ही लहानपणापासून वडिलांच्या तोंडून ऐकत आलो. श्रीपाद श्रीवल्लभांनी तेथे तीन वर्षे वास केला. आपल्याकडील कित्येक मराठी घरांना गोकर्णाची ओळख आहे ती या ग्रंथामुळेच. वडील स्वतः मात्र तेथे कधी गेले नाहीत. पूजा सोडून जाणार कसे? पूजा बांधलेली असते म्हणतात; पण पूजेने माणूसही बांधला जातो, हे पुजाऱ्याच्या घरी जन्मल्यावाचून कळत नाही. दोन दिवस वडिलांनी गाभाऱ्याबाहेर स्टुलावर बसून मंत्र म्हणावेत व शेजारच्या मुंज झालेल्या मुलाने आत पाणी घालावे, अशी तात्पुरती व्यवस्था लावून आम्ही पहाटेच्या बसने निघालो.

हुबळीवरून येल्लापूर, आणि तेथून अरबैल घाट. घाटात ढग बसच्या खिडकीतून आत येत होते. कड्यांवरून ठिकठिकाणी पाणी कोसळत होते व रस्त्याच्या कडेचे ओहळ तांबड्या मातीने रंगून गेले होते. अंकोला सोडल्यावर शिरूर लागते. २०२४ सालच्या १६ जुलै रोजी येथेच महामार्गावर डोंगराची दरड कोसळली, चहाची एक टपरी व माणसे ढिगाऱ्याबरोबर गेली, आणि गंगावळी नदीत लोटल्या गेलेल्या एका मालमोटारीचा शोध सप्टेंबर अखेरपर्यंत चालला होता. बस तेथून जाताना आतील बोलणे आपोआप थांबले. आमच्या शेजारी बसलेल्या एका वृद्ध बाईंनी हात जोडले. पावसाळ्यातील यात्रेचे वर्णन करताना हिरवे डोंगर व धबधबे यांजवरच लेखणी थांबविणे आम्हास बरे वाटत नाही. ज्या पाण्याने शेते पिकतात तेच पाणी डोंगरही खाली आणते.

गोकर्ण हे गंगावळी व अघनाशिनी या दोन नद्यांच्या मुखांमध्ये वसलेले आहे. १९९८ साली कोकण रेल्वेचा मार्ग पूर्ण खुला झाल्यापासून गोकर्ण रोड स्थानकावर उतरूनही तेथे जाता येते. हिवाळ्यात तेथे देशोदेशींचे पाहुणे समुद्रकिनाऱ्यासाठी येतात. परंतु आषाढात गाव पुन्हा गावाचे होते. रथाच्या रस्त्यावरील निम्मी दुकाने बंद. शिवरात्रीस ज्याला हजारो हात लागतात तो महारथ झाकून ठेवलेला. कौलांवरून पागोळ्या गळताहेत, गाई ओसरीच्या आडोशाला उभ्या आहेत, आणि एखादा भटजी पंचा सावरीत, छत्री वाकडी धरून, रस्त्याच्या पाण्यातून देवळाकडे चालला आहे. यांत्रिक होड्यांना पश्चिम किनाऱ्यावर १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारीस बंदी असते, म्हणून होड्याही वर ओढलेल्या. समुद्राचा रंग निळा नव्हता; गढूळ, मातकट. त्याचा आवाज मात्र गावातील प्रत्येक घरात ऐकू येत होता. प्रथम समुद्रस्नान करावे असा यात्रेचा संकेत आहे. आम्ही कमरेइतक्या पाण्यात जाण्याचेही धाडस केले नाही, काठावर पाय भिजवून ओंजळभर पाणी मस्तकी घेतले व कोटितीर्थावर येऊन स्नान उरकले. तळे काठोकाठ भरले होते आणि पायऱ्यांवर इतके शेवाळ होते की, संकल्पापेक्षा तोल सांभाळण्याकडेच लक्ष अधिक होते.

महाबळेश्वराच्या आधी महागणपतीचे दर्शन घ्यावे, अशी तेथील रीत आहे. तो गणपती आपल्याकडील गणपतींसारखा मांडी घालून बसलेला नाही. तो उभा आहे, आणि त्याला हात दोनच आहेत. पाहता क्षणीच वाटते, हा देव नव्हे, कोणाचा तरी बटू येथे वाट पाहत उभा राहिला आहे. त्याच्या मस्तकावर एक खोक दाखवितात. रावणाने रागाने मारलेल्या टोल्याची ती खूण, अशी तेथील परंपरा सांगते.

तेथून महाबळेश्वराच्या देवळात गेलो. पुरुषांनी अंगातील सदरा काढून, धोतर किंवा पंचा नेसून आत जावे असा नियम. शाळिग्रामाचे चौकोनी पीठ, मध्ये एक छिद्र, आणि त्या छिद्रात खोल आत आत्मलिंग. डोळ्यांस जवळजवळ काहीच दिसत नाही. पीठावरील पाण्यातून हात आत घालावा, तेव्हा बोटांस काहीतरी लागते. भाविकाने स्वहस्ते स्पर्श करावा ही तेथील जुनी परंपरा. मोसमात या क्षणासाठी लोक रांगेत ताटकळत उभे राहतात आणि पुरते वाकण्यापूर्वीच पुढे सरकावे लागते. त्या दिवशी आमच्यामागे कोणीही नव्हते. बोट लिंगाला लावून आम्ही किती वेळ तसेच होतो हे सांगता येत नाही. चौदा महिने आम्ही रोज देवाला स्पर्श करीत होतो. स्नान घालीत होतो, गंध लावीत होतो. पण त्यात उरकण्याची घाई होती. कोणाच्याही पाळीवाचून, कोणाच्याही घड्याळावाचून देवाला हात लावणे हे आमच्या वाट्यास त्या दिवशी प्रथमच आले.

आता कथेकडे वळू.

रावणाची माता शिवाचे पार्थिव लिंग करून पूजीत असे. मातेने मातीच्या लिंगाची पूजा का करावी, प्रत्यक्ष ईश्वराचेच लिंग आणून देतो, म्हणून रावण कैलासास गेला. उग्र तप व गायन करून त्याने शंकरास प्रसन्न केले व आत्मलिंग मिळविले. अट एकच: वाटेत भूमीवर ठेवावयाचे नाही. देव चिंतेत पडले. विष्णूंनी सुदर्शनाने सूर्य झाकला, रावणास सायंकाळ झाली असे वाटले. संध्या तर चुकवावयाची नाही आणि लिंग तर खाली ठेवावयाचे नाही. तेवढ्यात बटूच्या रूपात गणपती दिसला. क्षणभर धर, असे रावणाने विनविले. बटू म्हणाला, जड झाले तर तीन हाका मारीन. तुम्ही आला नाहीत तर खाली ठेवीन. रावण संध्येस बसला. बटूने तीन वेळा हाक मारली, रावणास उठता येईना, आणि लिंग भूमीवर टेकले. मग रावणाने आपले सारे बळ लावले. लिंगास पीळ पडला, पण ते निघाले नाही. म्हणून महाबळेश्वर.

ही कथा आपण नेहमी कशी ऐकतो? रावणाचा गर्व कसा उतरला, देवांनी त्यास कसे चकविले, या बाजूने. आम्हीही तशीच ऐकली व क्वचित तशीच सांगितली. परंतु त्या दुपारी सभामंडपाच्या खांबाला टेकून, पावसाचे पाणी अंगणात नाचताना पाहत बसलो असता कथेतील दोन गोष्टी प्रथमच आमच्या ध्यानात आल्या.

पहिली रावणाविषयी. ज्याला दहा तोंडे व वीस हात, त्याला त्या क्षणी धरावयास एक विश्वासाचे माणूस नव्हते. आयुष्याच्या तपाने मिळविलेली वस्तू त्याने रस्त्यावरच्या अनोळखी पोराच्या हाती दिली. ती त्याची बेफिकिरी नव्हती, लाचारी होती. एका बाजूस नित्यकर्म, दुसऱ्या बाजूस अमूल्य ठेवा. दोन्ही सोडवत नाहीत. रावणाला आम्ही थोर म्हणत नाही. पण संध्येस बसलेल्या, हाक ऐकू येत असताही उठता न येणाऱ्या त्या माणसाची आम्हास दया आली. आणि दया आली तेव्हा डोळ्यांसमोर रावण नव्हता. पायरीपाशी काठी टेकून उभे राहिलेले, तबक पुढे करणारे आमचे वडील होते.

दुसरी गोष्ट त्या बटूची. तो खोटे बोलला नाही. धरतो, असे म्हणतानाच त्याने आपल्या हातांची मर्यादा सांगून टाकली. मग तीनदा हाक मारली. हाक न मारता ठेवले असते तर तो विश्वासघात होता. आणि मुळीच न ठेवता दात ओठ खात उभा राहिला असता तर लिंग लंकेस गेले असते, राजवाड्याच्या भिंतीआड. आज मासे विकणारी बाई, घाटावरचा शेतकरी आणि आमच्यासारखा कारकून त्याला बोट लावू शकतो, ते केवळ त्या पोराचे हात भरून आले म्हणून. आम्ही मात्र चौदा महिन्यांत एकही हाक मारली नव्हती. मनात कुढत होतो, भांडी आपटीत होतो, आरतीत आवाज चढवीत होतो. यास हाक म्हणत नाहीत. समोरचा संध्येस बसलेला असेल तर त्याला आपटलेल्या भांड्याचा अर्थ कसा कळावा?

कोणी म्हणेल, देवाचे काम जड झाले असे म्हणणे हेच पाप. हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. आमच्या आजोबांनी ज्वर अंगात असता पूजा चुकविली नाही, असे घरात सांगतात. परंतु ज्या कथेत प्रत्यक्ष विघ्नहर्त्याचे हात दुखले, ती कथा आपण श्रद्धेने वाचतो. देवाला जड होते आणि माणसाला होऊ नये, हे कसे?

रात्री आम्ही उतरलो होतो ते एका वृद्ध भटजींच्या घरी. गोकर्णात यात्रेकरूंस घरी उतरवून घेण्याची पूर्वापार चाल आहे. वीज गेली होती. पडवीत कंदील ठेवून ते सुपारी कातरीत बसले होते. "ओब्बने बंदेया?" त्यांनी विचारले. एकटाच आलास? बेळगावचे असल्याने कानडी आम्हास परकी नाही. आम्ही आमची हकीकत थोडक्यात सांगितली, आणि दुपारी सुचलेला तीन हाकांचा विचारही, थोड्या अभिमानानेच, सांगितला.

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. अडकित्त्याचा आवाज तेवढा चालू होता. मग म्हणाले, "माझा मुलगा बंगळुरास असतो. संगणकाच्या कचेरीत. शाळा संपली तेव्हा म्हणाला होता, अप्पा, हे माझ्याने होणार नाही. मी हसलो. पुढे शिवरात्रीच्या गर्दीत एकदा म्हणाला. मी म्हटले, पुढच्या वर्षी बघू. तिसऱ्यांदा तो बोलला तेव्हा मी जपात होतो. हाताने खूण केली, थांब म्हणून. जप संपवून उठलो तर पिशवी घेऊन तो बसवर गेलेला."

"मग राग आला?"

"पुष्कळ वर्षे आला. पोराने लिंग टाकले म्हणून. आता वाटते, त्याने टाकले नाही, ठेवले. तीनदा सांगून ठेवले. टाकलेले मी."

आम्हास त्यांचे बोलणे उमगले नाही. तेव्हा त्यांनी कथेचा उरलेला भाग सांगितला, जो तेथील लोक मोठ्या आवडीने सांगतात. लिंग निघत नाही असे पाहून रावणाने संतापाने त्याची वेष्टने भिरकावून दिली. पेटी पडली ती सज्जेश्वर, झाकण पडले ते गुणवंतेश्वर, दोरी पडली ते धारेश्वर, आणि वस्त्र पडले ते मुरुडेश्वर. "ठेवले त्याचे एक क्षेत्र झाले, रागाने टाकले त्याचीही चार झाली," ते म्हणाले. "देवाने दोन्ही सांभाळून घेतले. पण टाकताना रावणाच्या हाताला काय लागले असेल, ते कोणी विचारीत नाही." मग कंदील बारीक करून ते झोपावयास गेले. पहाटे आम्ही उठण्यापूर्वीच ते ओल्या पंच्यानिशी देवळात गेलेले होते. दक्षिणा त्यांच्या अनुपस्थितीतच कोनाड्यात ठेवावी लागली.

परतीच्या बसमध्ये आम्ही एका चिठ्ठीवर हिशेब मांडला. तो धंदा आमचा असल्याने तसेच सुचले. पहाटेची पूजा आम्हास जमते, आणि खरे सांगावयाचे तर ती आम्हास हवी आहे. गोकर्णी बोट लावल्यापासून तर अधिकच. संध्याकाळची आरती जमत नाही. श्रावण सोमवारी दुपारचे अभिषेक जमत नाहीत. कारखाना सोडणे जमत नाही, कारण घर त्यावर चालते. एवढेच होते, चौदा महिने डोंगराएवढे वाटलेले ओझे पाठीमागल्या कोऱ्या तिकिटावर मावले.

घरी पोहोचलो तेव्हा वडील स्टुलावर बसून गुडघ्यास तेल चोळीत होते. प्रसाद हाती दिला. त्यांनी तो डोळ्यांस लावला व प्रथम विचारले ते हे, "हात लागला का रे लिंगाला?"

"लागला. कितीतरी वेळ."

त्यांनी आमचा उजवा हात हातात घेतला व तो आपल्या कपाळाला लावला. त्यामुळे पुढचे बोलणे आम्हास फार कठीण झाले. तरी बोललो. "अण्णा, सकाळची पूजा मी करीन. संध्याकाळची आणि सोमवारच्या दुपारची माझ्याने होणार नाही. हे आज सांगतो. पुन्हाही सांगेन. रागाने नाही सांगत."

वडील बराच वेळ प्रसादाच्या पुडीची घडी घालीत व उलगडीत राहिले. "मग संध्याकाळी कोण?" त्यांनी विचारले.

त्याचे उत्तर आमच्यापाशी नव्हते, आणि ते आजही पुरते नाही. म्हणूनच ही हकीकत या पानावर लिहिली. मुंज झालेली दोन-तीन मुले आपल्या गल्लीत आहेत, त्यांना शिकविण्याची वडिलांची तयारी आहे. बसून शिकविण्यास गुडघे लागत नाहीत. निवृत्त झालेल्या मंडळींपैकी कोणी आठवड्याचा एक वार घेतला तरी सात वारांपैकी तेवढा भार हलका होईल. श्रावणास अद्याप काही दिवस आहेत. ज्यांना इच्छा असेल त्यांनी सायंकाळी येऊन वडिलांस भेटावे, ते बहुधा स्टुलावरच असतात.

"त्या गणपतीच्या डोक्यावरची खोक पाहिलीस?" वडिलांनी अखेर विचारले.

"पाहिली."

"ठेवणाऱ्याला टोला बसतो हो," असे म्हणून त्यांनी आमच्या डोक्यावर बोटांच्या पेरांनी एक टपली मारली. तेलाचा हात होता. मग आरतीची वेळ झाली म्हणून ते उठू लागले, उठवेना, तेव्हा आम्ही हात दिला.